छ्वानचौ: 26 हजार पावलं आणि एक नरसिंह

मार्चमध्ये चीनच्या श्यामेन शहरात दगडाचं मोठं प्रदर्शन भरतं, ग्रॅनाइट, मार्बल, कटिंगची मशिनरी, सगळं. आमचं पुण्यात ग्रॅनाइटचं दुकान आहे त्यामुळे यावेळी मी आणि नवरा दोघंही गेलो होतो. चार दिवस नुसते हॉल तुडवून पायांची वाट लागली होती आणि पाचव्या दिवशी नवऱ्याला कुठल्याशा फॅक्टरीत पॉलिशिंगचं मशीन बघायला जायचं होतं. मी म्हटलं मला आता एकही स्लॅब दाखवू नकोस, मी छ्वानचौला जाऊन येते. तो म्हणाला तिथे काय आहे? मी म्हटलं नरसिंह आहे. त्याला वाटलं मी चिडून काहीतरी बोलतेय.

तर खरंच आहे. छ्वानचौमध्ये खाययुआन नावाचं बौद्ध देऊळ आहे, सन 686 चं, आणि त्याच्या मुख्य मंदिराच्या मागच्या बाजूला विष्णू-कृष्णाच्या गोष्टी कोरलेले दोन खांब आहेत असं मी कधीतरी वाचलं होतं. दुसरी एक गोष्ट डोक्यात राहिली होती ती म्हणजे या शहराचं जुनं नाव. हजारेक वर्षांपूर्वी इथे तटाच्या कडेने जी झाडं लावली होती त्यावरून शहराला त्सथोंग म्हणायला लागले, आणि त्सथोंग म्हणजे चक्क आपला पांगारा! अरब व्यापाऱ्यांनी त्याचं झैतून केलं. झैतून म्हणजे ऑलिव्ह, म्हणजे पांगाऱ्याचं ऑलिव्ह झालं आणि जगभर तेच नाव गेलं, मार्को पोलो पण झैतूनच लिहितो. साटीन हा शब्द सुद्धा या झैतूनवरूनच आला असं मानतात. लहानपणी साटीनचं पोलकं घालून पांगाऱ्याखाली खेळलेल्या कुडाळच्या मुलीने या गावाला जायचं नाही तर कुठे जायचं.

तयारी काय केली ते थोडक्यात सांगते. ट्रेनचं तिकीट हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने 12306 या चिनी रेल्वेच्या ॲपवर काढून दिलं, तिकीट पासपोर्ट नंबरवर असतं, कागद बिगद काही नाही. स्टेशनवर सगळे आपापलं ओळखपत्र टेकवून फटाफट आत जातात, माझ्या पासपोर्टला गेट काही बधेना, मग कडेला माणूस बसलेली लाइन असते तिथून जायचं. ट्रेन अर्ध्या तासाच्या आसपास, अजून सीटला नीट टेकतोय तर उतरायची वेळ. नकाशाला गूगल विसरा, तिथलं काओद नावाचं ॲप घ्या. पेमेंटला आलीपे, आपलं क्रेडिट कार्ड त्यात आधीच जोडून ठेवायचं आणि बँकेत इंटरनॅशनल चालू केलंय ना ते घरूनच बघून जायचं. मी बघितलं नव्हतं, श्यामेनला पहिल्या दिवशी चहाच्या दुकानात ओशाळून उभी होते. आणि एक, आपलं भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर व्हॉट्सॲप चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

छ्वानचौ स्टेशन जुन्या शहरापासून लांब आहे, तिथून टॅक्सी केली आणि घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरले. चौकाच्या मध्यात उभा असलेला पांढरा साधासा मनोरा, 1934 चा. इथून पुढे चालायचं, टॅक्सी नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, एक तर ऊन नव्हतं, मळभ होतं आणि दमट हवा, अगदी आपल्याकडे पावसाच्या आधी असते तशी, फक्त गार.

मनोऱ्यापासून पश्चिमेला जो रस्ता जातो तो वेस्ट स्ट्रीट. सकाळी साडेनऊला तिथे पाऊल ठेवलं आणि मी बघतच राहिले, कारण रस्त्यावरच्या निम्म्या मुलींनी डोक्यात फुलं माळलेली! गजरा नाही, पूर्ण वेणीचं कडं, अंबाड्याभोवती दोन-तीन गोल, लाल पिवळी पांढरी. हे मूळचं जवळच्या श्युनपू गावातल्या कोळणींचं. त्या मासे, कालवं विकायला बसतात तेव्हाही डोक्यात असं फुलांचं कडं असतं आणि अंबाड्यात आडवी काडी खोचलेली. आता दोन-तीन वर्षांत त्याची फॅशन आलीय, दर दहा पावलांवर फुलं माळून देणारं दुकान आणि बाहेर प्लास्टिकच्या स्टुलांवर आरशासमोर बसलेल्या मुली. मुंबईच्या लोकलमधल्या कोळणी आठवल्या. त्यांच्या वेणीची फॅशन पुण्यातल्या कॉलेजमध्ये येईल का हो कधी?

मी पुढे गेले, मग दहा मिनिटांनी परत आले. तीस युआन. बाईने माझे केस ओढून असा काही घट्ट अंबाडा घातला की भुवया वर गेल्या, मग फुलांची कडी एकावर एक चढवली, काडी खोचली आणि लांब होऊन बघून काहीतरी म्हणाली. भाषांतराच्या ॲपने सांगितलं, "या जन्मी फुलं माळ, पुढच्या जन्मी सुंदर होशील." म्हणजे या जन्मात काही चान्स नाही. नंतर कळलं ती तिथली म्हणच आहे.

भूक लागली होती. म्येनश्येनहू म्हणून एक प्रकार मिळतो, अगदी केसासारख्या बारीक गव्हाच्या शेवया, दाट पेजेसारख्या रश्श्यात शिजवून शिजवून जवळजवळ विरघळवलेल्या, आणि वर तुम्हाला हवं ते घालून देतात. समोर थाळ्यांत आतडी, रक्ताचे तुकडे, मांस, काय काय होतं, मी कालवं दाखवली आणि तो तळलेला लांब पाव असतो तो. मालवणी माणसाला कालवं दिसली की भाषेची गरज पडत नाही. छान होतं, थोडं अळणी, पण त्यात मिरपूड सढळ हाताने. एवढ्यावर थांबले असते तर बरं. शेजारच्या गाडीवर छोट्या वाट्यांत पारदर्शक जेलीसारखं काहीतरी होतं, पाटीवर फोन धरला तर ॲप म्हणालं "मातीतल्या बांबूच्या कोंबांची जेली". म्हटलं वा, बांबूचे कोंब तर आपण पावसाळ्यात खातोच. व्हिनेगर, लसूण, मोहरीचं तिखट घालून दिलं, गार, कुरकुरीत, मी दोन खाल्ल्या. मग वाटीत राहिलेल्या जेलीत बारीक बारीक काहीतरी वळवळल्यासारखं दिसलं म्हणून गाडीवाल्या मुलाला विचारलं, त्याने उत्साहाने फोनवर फोटो दाखवला. समुद्राच्या चिखलातले किडे. जिवंत असतानाचे. "मातीतला कोंब" हे त्यांचं लाडाचं नाव. आता गेले ते पोटात, काय करणार, पण खरं सांगू का, चवीला वाईट नव्हते.

वेस्ट स्ट्रीटवरच खाययुआनचं दार आहे, तिकीट नाही. आत एका फलकावर दोन ओळी लिहिलेल्या आहेत, चू शी या विद्वानाचे शब्द: या जागेला पूर्वी बुद्धाचा देश म्हणत, रस्तोरस्ती सगळे संतच. मी मनात म्हटलं, किड्यांची जेली विकणारा तो पोरगा पण संतच म्हणायचा.

अंगण प्रचंड मोठं, दोन्ही बाजूंना वडाच्या जातीची जुनी झाडं आणि मध्ये उदबत्त्यांचा धूर. देवळाची गोष्ट अशी की इथे तुतीची बाग होती, मालकाकडे एका भिक्षूने जमीन मागितली, मालक म्हणाला तुतीला कमळं लागली तर देईन, आणि लागली की हो कमळं. देऊळ कुठलंही असो, जमिनीचा व्यवहार चमत्काराशिवाय होत नाही.

मुख्य मंदिराला शंभर खांबांचं म्हणतात, प्रत्यक्षात 86 आहेत. आत तुळयांच्या टोकांना पंख असलेल्या 24 बायका हातात वाद्यं वगैरे घेऊन, छप्पर तोलून धरलेल्या. सुंदर आहे सगळं, पण माझं लक्ष मागे. बाजूने वळून मागच्या पडवीत गेले, तिथे मधोमध दोन खांब.

बाकीच्या खांबांपेक्षा हे वेगळे आहेत हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही लांबून कळेल. दगडच वेगळा, हिरवट काळा, डायबेस, आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. सोळा बाजूंचे, आणि वरखाली गोल चौकटीत चित्रं. मी वाकून बघायला लागले. पहिल्यांदा गजेंद्रमोक्ष दिसला. मग उखळाला बांधलेला कृष्ण दोन झाडांच्या मधे, यमलार्जुन. मग झाडावर कृष्ण आणि खाली गोपी, ते वस्त्रहरण. आणि मग तो. मांडीवर हिरण्यकश्यपू आडवा, पोटात नखं. हाताएवढा पण नाही. मी एकटीच होते, मागे कोणी तरी फोनवर मोठ्याने बोलत होतं, आणि मी खांबासमोर हात जोडून उभी, डोक्यात चिनी कोळणीची फुलं.

फोटो काढून आईला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल. "अगो, ह्यो तर नरसिंव! थंय कसो पावलो?" आता तिला काय सांगू. तेराव्या-चौदाव्या शतकात, म्हणजे मंगोल राजवटीत, हे जगातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक होतं. मार्को पोलोने लिहिलंय की अलेक्झांड्रियाला मिऱ्याचं एक जहाज जात असेल तर झैतूनला शंभर येतात, आणि ती मिरी यायची मलबारच्या किनाऱ्यावरून. तमिळ व्यापारी इथे राहून होते, 1281 सालचा तमिळ शिलालेख सापडलाय, शंकराच्या देवळाचा, खाली एक ओळ चिनीत. चौदाव्या शतकाच्या मध्यात इथे मोठं बंड झालं, दहा वर्षं मारामाऱ्या, परदेशी लोक मारले गेले, पळाले, देवळं पडली. पुढे मिंग राजांच्या काळात खाययुआनची डागडुजी निघाली तेव्हा पडलेल्या हिंदू देवळाचे दगड इथे आणून बसवले. आईला मी एवढंच म्हटलं, "जहाजातून." ती म्हणाली, "बरा. नमस्कार कर."

मला विचाराल तर यात सर्वधर्मसमभाव वगैरे शोधायची काही गरज नाही. घडीव दगड कोणी टाकत नाही. पुण्यात वाडे पडतात तेव्हा जोत्याचे दगड कुठे जातात आम्हाला चांगलं माहितीय, कुणाच्या तरी फार्महाऊसच्या पायऱ्या होतात. त्या मिंग काळातल्या मुकादमाला दोन सरळसोट, तयार, उत्तम दगडाचे खांब मिळाले, त्याने लावले. फक्त त्याने चित्रं छिन्नीने उडवली नाहीत, आणि भिंतीकडे तोंड करूनही लावले नाहीत, हे मात्र त्याचं मोठेपण म्हणायला पाहिजे. मंदिराच्या पुढच्या जोत्यावर पण असंच, 70 च्या वर छोटे शिल्पपट आहेत, माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग, तेही त्याच पडलेल्या हिंदू देवळाचे. त्यांच्या समोरून लोक सेल्फी काढत जातात, खाली कोणी बघत नाही. मी अर्धा तास उकिडवी बसून सगळे बघितले, तिथला झाडूवाला माझ्याभोवती वळसा घालून झाडून गेला.

अंगणाच्या दोन बाजूंना दोन दगडी मनोरे आहेत, पूर्वेचा 48 मीटर, पश्चिमेचा 44. पाच मजली, आठ कोनी, पूर्ण ग्रॅनाइट, तेराव्या शतकातले. लाकडी मनोऱ्याची हुबेहूब नक्कल दगडात, कौलांच्या वळचणीसकट. 1604 ला इथे मोठा भूकंप झाला, शहर पडलं, हे उभे. पश्चिमेच्या मनोऱ्यावर चौथ्या मजल्यावर एक माकड आहे, हातात तलवार, त्याला काही लोक चिनी वानरराजाचं जुनं रूप म्हणतात आणि काही हनुमानाशी नातं लावतात. फोनचा झूम संपला तरी मला नीट दिसलं नाही त्यामुळे मी कुणाच्याच बाजूने नाही.

देवळाच्या आवारातच जुन्या जहाजाची इमारत आहे, ती चुकवू नका. 1974 मध्ये खाडीच्या चिखलातून काढलेलं सोंग काळातलं, म्हणजे मंगोलांच्या आधीच्या राजवटीतलं व्यापारी जहाज, आता उरलाय तो खालचा भाग, 24 मीटर लांब. आतून 13 कप्पे, एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे. आत सुगंधी लाकडं, मिरी असा माल निघाला. इथे मी कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिले, पाय दुखत होते हेही कारण होतंच.

पुढे दुपार. फोन 11 टक्के. चीनमध्ये फोन गेला म्हणजे नकाशा गेला, पैसे गेले, भाषा गेली, परतीचं तिकीट गेलं, तुम्ही एकदम 1281 सालात. दर दुकानात भाड्याच्या पॉवरबँकचा डबा असतो, स्कॅन केलं की एक बाहेर येते, पण माझं स्कॅन काही होईना, परदेशी नंबर चालत नसावा. शेवटी एका चहापत्तीच्या दुकानात शिरून बाईंना नुसता फोन आणि वायर दाखवली. त्यांनी फोन लावला, मला स्टुलावर बसवलं आणि चहा सुरू केला. अंगठ्याएवढे कप, चहा थ्येगुआनयिन, जवळच्याच आनशीचा. कप रिकामा झाला की भरायचा, मी सात की आठ प्यायले. माझा फोन चार्जिंगला, त्यांना इंग्रजी नाही, त्यामुळे अर्धा तास आम्ही खुणांनी बोललो. त्यांनी माझ्या डोक्यातली फुलं सरळ केली. मी कपाळावरची टिकली काढून त्यांच्या कपाळाला लावली, त्या आरशात बघून इतक्या हसल्या की आतून त्यांचे सासरे बाहेर आले. पैसे विचारले तर हात झटकले, मग मी पाव किलो चहा घेतला. चांगलाच महाग होता. धंदा कसा करायचा हे या लोकांना शिकवायला नको.

जोंगशान रोडने दक्षिणेला चालत गेले. दोन्ही बाजूंना जुन्या माड्या, वरचा मजला पुढे आणि खाली खांबांची सलग पडवी, पावसातही छत्री न उघडता गाव पार करता येईल. तिथून डावीकडे थूमन रस्ता, आणि तिथे जे आहे ते बघून मी चाटच पडले. शेजारी शेजारी, भिंतीला भिंत म्हणावी इतक्या जवळ, क्वान यू या योद्धा-देवाचं देऊळ आणि छिंगजिंग मशीद. मशीद 1009 ची, उंच दगडी कमान, आत प्रार्थनेच्या जागेला छप्परच नाही, ते भूकंपात गेलं, नुसत्या भिंती आणि खिडक्या, वर आभाळ, खाली गवत. एकदम शांत. आणि शेजारच्या देवळातून उदबत्तीच्या धुराचे लोट भिंतीवरून इकडे.

देवळात मात्र तोबा गर्दी. लोक गुडघे टेकून, दोन लाल लाकडी चंद्रकोरी ओंजळीत धरून काहीतरी पुटपुटतात आणि जमिनीवर टाकतात, खटखट आवाज सगळीकडे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देव हो म्हणाला. अहो हा तर कौल! आमच्याकडे देवाला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की डावी ते बघतात, इथे लाकडं टाकतात, पण तोंडावरचा भाव तोच. एक तरुण मुलगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाच वेळा टाकत होता, पाचही वेळा देव नाही म्हणाला. सहाव्यांदा हो आलं. तो घाईघाईने उठून गेला, देवाने मत बदलायच्या आत. गाऱ्हाणं घालून आपल्याला हवा तो कौल मिळेपर्यंत गुरवाचं डोकं खाणारे आमचे एक काका आहेत, त्यांची आठवण झाली.

इथून सागरी इतिहासाचं म्युझियम पायी पाऊण तास, आणि हा भाग कंटाळवाणा आहे, रुंद रस्ते, मोबाइलची दुकानं, फुटपाथवर आवाज न करता मागून येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर. इथे टॅक्सी करायला हरकत नव्हती, मी उगाच हट्ट केला. म्युझियमला पासपोर्ट दाखवला की झालं, सोमवारी बंद असतं. दगडांचं दालन बघायचं म्हणूनच मी तंगडतोड केली होती आणि त्याचं चीज झालं: अरबी अक्षरांची थडगी रांगेने, कमळावर उभा क्रूस आणि बाजूला पंखवाले देवदूत, आणि हिंदू देवळाचे तुकडे. शिवलिंगावर दुधाची धार सोडणारी गाय. कारागीर बहुतेक इथलाच असावा, गाय आपली पण फुलांचे वेल, ढग थेट चिनी.

म्युझियममधून बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिवसभर पांगारा शोधत होते, शहराच्या नावातलं झाड, आणि वेस्ट स्ट्रीटवर एक दिसेल तर शपथ. इथे रस्त्याच्या कडेला एक उभा होता. पानं जवळजवळ नाहीत आणि टोकांना लाल पंजे. खाली सडा. पिवळ्या जॅकेटातली एक बाई खराट्याने तो गोळा करत होती. कुडाळला आमच्या परड्यात पांगाऱ्यावर मिरवेल चढवलेली आहे, आजी म्हणायची मिरीला पांगाऱ्यासारखा आधार नाही. एक फूल उचलून पासपोर्टमध्ये ठेवलं, त्याचा लाल डाग व्हिसाच्या पानावर पडलाय, पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचं ते बघू.

परत टॅक्सीनेच स्टेशन. सिक्युरिटीला बॅग स्कॅनमधून गेली, मी गेले तर टूंऽ. गणवेशातल्या मुलीने माझ्या डोक्याकडे बोट केलं. फुलं! सकाळपासून म्युझियम, मशीद, कौल, सगळीकडे मी तशीच हिंडले होते आणि विसरूनही गेले होते. तिने काडी काढून तपासली, काडीला धातूचं टोक होतं, आणि मग तिनेच परत नीट खोचून दिली.

रूमवर आले तर नवरा पाय पसरून पडलेला. माझ्या डोक्याकडे बघून काहीच बोलला नाही, शहाणा आहे. "सापडला का नरसिंह?" मी फोन दिला. त्याने फोटो मोठा केला, अजून मोठा केला, नखांपाशी थांबला. "धार बघ," म्हणाला, "सातशे वर्षं झाली, कुठे झड नाही. हाताने केलंय हे?" मग उठून बसला आणि सगळे फोटो परत पहिल्यापासून बघायला लागला. मशीनचं काय झालं ते विचारायचं माझं राहूनच गेलं.